मंगळवारची तपासणी

देवास
६ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. पण मी रागावले आहे, तेव्हा नुसता नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस. ईशानीच्या मोबाइलवर केला तर ती म्हणते, "मावशी, आई बाथरूममध्ये आहे." आठ महिने कुणी बाथरूममध्ये असतं का गं? आपली लेक इतकं वाईट खोटं बोलते, ते तरी तिला नीट शिकव. म्हणून आज पोस्टात जाऊन पाकिटं आणली. चुकून पाकीट तिच्या हाती पडलं तरी भीती नाही. मराठीच्या दोन ओळींतच ती दमून जाईल. पोरांना हिंदी शाळेत घातल्याचा एवढा तरी फायदा.

मी मजेत आहे, हे कळवायचं होतं. एकशे बारा किलोंची मी आता सत्तर किलोंची आहे. जुन्या ब्लाउजांत दोन नेहा मावतील. जूनमध्ये ऑपरेशनला वर्ष झालं, तेव्हा इंदूरला तपासणीला जाऊन आले. डॉक्टर खूश होते. म्हणाले, असे पेशंट मिळत नाहीत. तेव्हा तू माझी काळजी करत असशील तर करू नकोस, आणि करत नसशील तर प्रश्नच मिटला.

भांडण उकरून काढायला लिहीत नाही. पण नोव्हेंबरात ईशानीच्या साखरपुड्यात तू भरल्या पंगतीत जे केलंस ते मला अजून टोचतं. नालछ्याच्या मामी एवढंच विचारत होत्या की मंगळवारचं व्रत कसं करायचं. तू वरणाचं पातेलं हातात धरून म्हणालीस, "देवीला कशाला मध्ये आणतेस नेहा? पोट कापून घेतलंस, ते सांग की." आणि समोर कोण, तर माझ्या सासूबाई! ज्यांना आम्ही पित्ताशयाचे खडे काढले म्हणून सांगितलं होतं. अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघणार? मी म्हटलं, "अक्काला माझं बारीक होणं बघवत नाही." सासूबाईंनाही तो हेवाच वाटला. बायका हसल्या. तुझ्या अंगाकडे बघून हसल्या, हे मला दिसलं.

पण सुरुवात तू केलीस.

नेहा


देवास
२० ऑगस्ट

ती. अक्कास,

उत्तर नाही. ठीक आहे, तुझा स्वभाव मला नवा नाही.

मागच्या पत्रात एक दुरुस्ती. जूनमध्ये मी इंदूरला गेले नव्हते. मार्चमध्येही नाही, डिसेंबरातही नाही. शेवटची गेले ती ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या महिन्यात, तुझ्याबरोबर. तू धारहून आली होतीस, मी देवासहून, आणि दवाखान्याबाहेर तू मला एवढंसं दही भरवून वर दम दिला होतास की हळू खा. ते शेवटचं.

का गेले नाही ते ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

तुला आठवत असेल, ऑपरेशननंतर वजन भराभर उतरायला लागलं. एक दिवस आईसाहेबांनी मला देवघरात बोलावलं आणि सांगितलं की त्यांनी टेकडीवरच्या देवीला नवस बोलला होता, सुनेचं शरीर हलकं होऊ दे, दर मंगळवारी अनवाणी पायऱ्या चढेल. नवस त्यांचा, पाय माझे, आणि विचारलं कुणी नाही! डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आयुष्यात पहिल्यांदा सासू माझ्यावर खूश होती. मी काय म्हणणार होते, की देवीचा काही संबंध नाही, इंदूरच्या डॉक्टरनं पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवली आहे? मी हो म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दसऱ्यानंतर चढायला लागले.

आणि दवाखान्यात आमची वजनवाल्यांची ओपीडी फक्त मंगळवारी, दहा ते दोन. इकडे टेकडीवरून आरती करून उतरेपर्यंत बारा. एखादा मंगळवार चुकवला तर आईसाहेब विचारणार, कुठं चाललीस. आता सांग, कसं जायचं? तू म्हणशील, खरं बोलून जायचं. तुला काय जातं म्हणायला.

शिवाय आता मी एकटी नाही. आधी दोघी बरोबर यायच्या, आता चौदा जणी येतात. सगळ्यात पुढे उमाबाई, मागच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या. माझे सगळे ब्लाउज त्यांनीच आतून घेतले, चार-चार वेळा. दर वेळी छातीला टेप लावून म्हणायच्या, "ताई, माताजीचा चमत्कार आहे हो, मी माझ्या हातानं नापला आहे." त्यांच्यापेक्षा पक्का साक्षीदार कुठून आणायचा? त्यांनीच गावभर केलं.

बायका विचारायला लागल्या, व्रताचे नियम काय? नियम कुठले असायला! मला जे पाठ होतं ते सांगितलं. एका वेळी एक छोटी वाटी. घास बत्तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. गोड वर्ज्य. तू ओळखलंच असशील. डायटिशियननं दिलेला तो छापील कागद, फक्त वर "श्री देवी प्रसन्न" घालून. चौकातल्या पियुषच्या दुकानातून कुणीतरी त्याच्या झेरॉक्सही काढून आणल्या.

मला हसू यायचं गं. घरी येऊन एकटीच हसायची.

नेहा


देवास
४ सप्टेंबर

अक्का,

आज सांगायचं ते पटकन सांगते, नाहीतर पुन्हा गोल फिरवीन.

काल भाजीबाजारात एक बाई मागून ओरडली, "ओ दीदी, आपकी चप्पल!" मागे बघितलं तर माझी डावी चप्पल दहा पावलं मागे पडली होती. मी तशीच चालत होते. मला कळलंच नाही. घरी येऊन पलंगावर बसले आणि तळव्याला साडीची पिन टोचून पाहिली. रक्त आलं, दुखलं नाही. उजव्या पायाला थोडं कळतं.

हे काही एकदम झालं नाही. मुंग्या एप्रिलपासून आहेत. आधी वाटलं अनवाणी चढल्यामुळे. केस मूठमूठ जातात, ते पदराखाली झाकते. परवा ह्यांनी विचारलं, "नेहा, तू भिंत धरून का चालतेस?" मी म्हटलं, धरते, तुमचं काय जातं? ह्यांना ऑपरेशनचं सगळं ठाऊक आहे, पण आईसमोर त्यांचीही जीभ टाळूला चिकटते. दोघं मिळून एक धड माणूस होत नाही.

गोळ्या मी बंद केल्या आहेत. जन्मभर घ्यायच्या त्या, बी-ट्वेल्व, लोह, कॅल्शियम आणि कसल्या कसल्या. डिसेंबरात आईसाहेबांना डबी सापडली. म्हणाल्या, "देवीनं बरं केलं ना तुला, मग ह्या कशाला?" मी म्हटलं, खड्यांच्या उरल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकल्या. नंतर उचलून घेईन असं ठरवलं होतं. कचरागाडी आली.

इंदूरचा एक नंबर अधूनमधून येतो. दवाखान्याचाच असणार. मी कापते. उचलला तर तारीख देतील, आणि तारीख मंगळवारचीच असणार.

अक्का, मला भीती वाटते. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, आणि तू तर बोलतही नाहीस. पण तू शिव्या घातल्यास तरी बरं वाटेल. नवरात्र झालं की नक्की जाईन. आता इतक्या बायका अंगावर आहेत, नवरात्रात मी नाही दिसले तर केवढा गवगवा होईल. नवरात्र होऊ दे.

नेहा


देवास
२४ सप्टेंबर

अक्का,

काल उमाबाई पायऱ्यांवर पडल्या.

नवरात्रातला मंगळवार, टेकडीवर पाय ठेवायला जागा नाही. त्या माझ्या दोन पायऱ्या मागे होत्या, "चलो बुलावा आया" म्हणत चालल्या होत्या. मध्येच काहीतरी भलतंच बोलायला लागल्या. घामानं ओल्या. मी म्हटलं बसा, तर मला ओळखेनात. मग गेल्याच खाली. चार पायऱ्या घसरल्या, डोकं कठड्याला लागलं. मी धरायला गेले तर माझेच पाय जागेवर नाहीत. मी त्यांच्यावर पडता पडता राहिले. एका पोरानं ओरडून गर्दी थांबवली, "अरे भिया, रुको, माताजी गिर गई!" त्यांना झोळीत उतरवलं.

सरकारी दवाखान्यात बोटाला टोचून बघितलं, साखर बेचाळीस. डॉक्टर म्हणाले अजून थोडा वेळ गेला असता तर संपलं होतं. उमाबाई इन्सुलिन घेतात, दिवसातून दोनदा, हे मला माहीत होतं. माहीत असून मी त्यांना एक वाटी जेवायला सांगितलं. सुई पूर्ण, जेवण वाटीभर. दीड महिना त्या असंच करत होत्या. देवीचा नियम म्हणून.

माझ्या पोटात केळ्याएवढी जागा आहे म्हणून मी वाटीभर खाते. त्यांच्या पोटाला काय झालं होतं?

रात्रभर डोळा लागला नाही. उठते, बसते, पाणी पिते, परत उठते. आता सकाळचे सहा वाजलेत. आईसाहेब बाहेर फुलं काढताहेत आणि म्हणताहेत, उमाबाईच्या हातून काहीतरी चुकलं असणार.

नेहा


देवास
२८ सप्टेंबर

अक्का,

सांगितलं. सगळं सांगितलं.

आज उमाबाईंना घरी आणलं म्हणून भेटायला गेले. डोक्याला सहा टाके, बाजेवर पडलेल्या. मला बघून उठायला लागल्या. मी म्हटलं पडा, पडा. तर हात जोडले त्यांनी. मला! म्हणाल्या, "ताई, माफी करा. माझीच गलती. सोमवारी जेवताना घास अटकला, तेव्हा मी घोटभर पाणी प्यायले. कुणाला बोलले नाही. माताजीनं बघितलं. आता पुरा नियम पाळीन, मला सोडू नका तुम्ही."

मी त्या बाजेजवळ खाली बसले. आणि सांगायला लागले. ऑपरेशन, खडे, छापील कागद, सगळं. त्यांना पोटावरचे पाच व्रण दाखवले. त्या व्रणांवरून त्यांनी कितीदा टेप फिरवला होता गं, ब्लाउजाचं माप घेताना, साडीवरून.

मला वाटलं रडतील, ओरडतील. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरला पूछून घ्या, असं एक वेळा तरी बोलायचं होतं ना ताई. तुम्ही स्वतः तर पूछूनच केलं होतं." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी थांबले. त्या म्हणाल्या, "जा आता."

त्यांचं काही चुकलं का, अक्का? काही नाही.

घरी येऊन आईसाहेबांपुढे उभी राहिले. ह्यांनी मागून खुणा केल्या, नको नको. ह्यांच्या खुणा आजवर फार पाळल्या मी. आईसाहेब माळ घेऊन बसल्या होत्या. सगळं ऐकलं. मला म्हणाल्या, "मग सव्वा वर्ष मी तिचे आभार कशाचे मानले?" रात्री त्या जेवल्या नाहीत. मुलाशीही बोलल्या नाहीत, आणि मला म्हणशील तर त्यांचं तेच योग्य होतं.

आज एक मात्र चांगलं झालं. मला पुन्हा तुझ्यावर रागावता येईना. पंगतीत तू वरणाचं पातेलं ठेवून बोलली असतीस तर बरं झालं असतं, एवढीच तक्रार उरली आहे. मी तुला जे म्हटलं ते मात्र मी मुद्दाम म्हटलं होतं. बायका हसतील हे माहीत असून म्हटलं. लहानपणापासून तुझ्या अंगाला लोक हसले की तू मला मागे घेऊन उभी राहायचीस, कारण मीही तशीच होते. आणि मी बारीक झाल्यावर पहिलं काम हे केलं. मला लाज वाटते.

परवा मंगळवार. अष्टमी आहे. मी इंदूरला जाणार.

नेहा


इंदूर, गंगवाल बस स्टँड
३० सप्टेंबर, दुपारचे साडेतीन

अक्का,

सकाळी निघताना आईसाहेब दारात आल्या. अष्टमीच्या दिवशी सून टेकडीवर न जाता दवाखान्यात चाललेली, मला वाटलं आता काहीतरी तोडून बोलतील. त्या खाली बघून म्हणाल्या, "चप्पल घाल. मागे पट्टा असलेली." बस. एवढंच.

दवाखाना चालू होता. काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि माझ्या मागे कुणालातरी शोधायला लागली.

"दीदी नहीं आईं आज?"

मी म्हटलं, "कौन दीदी?"

"वो धार वाली मैडम. आपकी तारीख पे तो वही आती हैं ना."

मला वाटलं तिची काहीतरी गल्लत होते आहे. तिनं फाइल काढून माझ्यापुढे उघडी ठेवली. १७ डिसेंबर, पेशंट आली नाही, बहीण आली. १८ मार्च, पेशंट आली नाही, बहीण आली. १७ जून, तेच. तिन्ही ठिकाणी तुझी सही, शाळेतल्या हजेरीपटावर करतेस तशी, पूर्ण नाव आणि खाली रेघ.

डिसेंबर म्हणजे साखरपुड्यानंतर तीन आठवडेही नीट झाले नव्हते, अक्का. मी तुला सगळ्यांसमोर जे बोलले ते ताजं होतं.

मुलगी सांगत गेली. तू नालछ्याच्या शाळेतून सुट्टी घेऊन यायचीस. दहाला यायचीस आणि दाराकडे तोंड करून दोन वाजेपर्यंत बसायचीस. कुणी म्हटलं की पेशंट नसेल तर कशाला बसता, तर म्हणायचीस, "देवास की बस लेट होती है." दोन तारखा चुकल्या की ते फाइल बंद करतात. तू डॉक्टरांच्या खोलीत जाऊन भांडलीस आणि बंद करू दिली नाहीस. माझ्या गोळ्यांची चिठ्ठी मागितलीस, त्यांनी पेशंट बघितल्याशिवाय दिली नाही, तेव्हा त्यांनाही ऐकवलंस म्हणे. आणि दर वेळी निघताना काउंटरवर उभी राहून म्हणायचीस, "मेरे सामने लगाओ फ़ोन."

ते फोन मी कापले. तू तिथं उभी असताना कापले, तिन्ही वेळा.

आणि मी तुला ऑगस्टमध्ये ऐटीत लिहिलं, जूनमध्ये जाऊन आले, डॉक्टर खूश होते. तू ते वाचून काय केलं असशील? एखादीनं धारहून येऊन थोबाडीत मारली असती.

डॉक्टरांनी तपासलं. पायावर थरथरणारा लोखंडी चिमटा ठेवून विचारत होते, कळतं का, आता कळतं का. डाव्या घोट्यापर्यंत नाही कळलं. बी-वन आणि बी-ट्वेल्व तळाला गेलं आहे. आज पहिली इंजेक्शनं दिली, आता देवासला रोज घ्यायची, आणि महिन्याभरानं परत इकडे. विचारलं, पाय पहिल्यासारखे होतील का? म्हणाले, "मार्चमध्ये आला असतात तर मी हो म्हणालो असतो. आता काही परत येईल, किती ते पाय सांगतील." रागावून म्हणाले, आणि रागावले म्हणून मला बरं वाटलं. उमाबाईंचंही विचारलं. म्हणाले, त्यांना घेऊन या, साखरेच्या डॉक्टरांकडे मी स्वतः नेतो. त्या माझ्याबरोबर येतील का, माहीत नाही. मालोजी, त्यांचा मुलगा, त्याला चिठ्ठी देईन. त्यानं दारातून हाकललं तरी देईन.

ओपीडीत तू जिथं बसायचीस तो बाक मुलीनं दाखवला. मी तिथं बसून बघितलं. पाठीला टेकायला काही नाही, वर पंखा नाही. चार तास तिथं! मला पंधरा मिनिटं निघेनात. उठले, बसले, पुन्हा उठले, आणि मग रिक्षा केली ती देवासच्या बससाठी नाही. गंगवालला आले. ह्यांना फोन करून सांगितलं, आज घरी येत नाही, धारला चालले आहे. ते म्हणाले, तिनं घरात घेतलं नाही तर? मी म्हटलं, ते आम्ही दोघी बघू.

बस चारला आहे. ड्रायव्हर खाली उभा राहून चहा पितोय, म्हणून तेवढ्यात हे लिहिते आहे, कारण समोर आल्यावर माझ्या तोंडून यातलं निम्मंही निघणार नाही, आणि उरलेल्या निम्म्यात मी तुझ्याशी भांडेन. पाकीट पोस्टात टाकणार नाही. दाराखालून आत सरकवीन. तू आधी वाच.

उघडलं नाहीस तरी मी परत जाणार नाही. तुझ्या दाराशी बसून राहीन. तू तीन वेळा बसलीस, अक्का. मला एकदा तरी बसू दे.

तुझी
नेहा